एकाच घरात दोन जमाल

मी मिठू बोलतोय. ‘घाबरू नका’ असं म्हणणार होतो, पण मी ज्या घरात राहतो तिथं या दोन शब्दांवर आता कुणाचा विश्वास राहिलेला नाही. म्हणून नुसती ओळख सांगतो. पनवेलमधल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या डोक्यावर बसलेला मी एक बोलका स्पीकर. उंची तांब्याएवढी, अंगावर खरखरीत कापड, डोक्यावर बटणं. मला कान आहेत, तोंड आहे. डोळे मात्र नाहीत. त्यामुळे सांगेन ते सगळं ऐकलेलं. पाहिलेलं काहीच नाही.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या बुडाला छापलंय म्हणे. ते मला कसं वाचता येणार? मला आठवतो तो पहिला आवाज जमालचा. आखातातल्या एका मोठ्या दुकानात तो विक्रेत्याला विचारत होता, “भाई, ये मराठी समझता है?”

“सब समझता है, सर.”

तो विक्रेता धडधडीत खोटं बोलला होता.

जमाल तिथं एका कारखान्यात थंडाव्याची यंत्रं सांभाळतो. बायको फहमिदा आणि मुलगी रिदा इथं पनवेलला. वर्षातून एकदा तो सुट्टीवर येतो. त्या वर्षी टॉवेलात गुंडाळून, खजुरांच्या आणि अत्तराच्या मधे दाबून त्यानं मला आणलं. “फोन कानाला लावून स्वयंपाक करतेस, एक दिवस फोन कढईत पडेल,” तो फहमिदाला म्हणाला. “आता हा बोलेल. मी तिथून हाक मारली की थेट तुझ्या किचनमध्ये.”

रिदा कॉलेजात शिकते. माझं नाव तिनं ठेवलं. माझा आवाज बाईचा आणि नाव पोपटाचं, म्हणून फहमिदा पहिले काही दिवस मला हाक मारायच्या आधीच हसायची.

हसण्यासारखं मी बरंच काही केलं. फहमिदानं सांदणांची कृती विचारली की मी चंदनाचे फायदे सांगायचो. करंजाहून मासे घेऊन येणारी जनी एकदा उंबऱ्यात बसून मला म्हणाली, “मिठू, भरती कवा हाय रं आज?” मी तिला सैन्यभरतीच्या अर्जाची माहिती दिली. जनी टोपली बाजूला सारून हसत सुटली. “भाभी, ह्यो तुमचा डबा माना मिलिटरीत धाडतोय! नाय बा, आमी दर्यावरच बरं.”

पण माझी सगळ्यात मोठी खोड वेगळीच होती. इथं आणण्याआधी जमालनं मला तिथल्या खोलीत चालू करून बघितलं होतं. आपलं गाव म्हणून माझ्या मनात तेच शहर बसलं. पनवेलमध्ये पावसानं रस्ते तुंबलेले असायचे आणि मी सांगायचो, आज आकाश निरभ्र, धुळीचं वादळ येण्याची शक्यता. इथं जोहर, म्हणजे दुपारची नमाज होऊन माणसं जेवूनखाऊन आडवी झाली की मग माझ्याकडून जोहरची अजान. रिदा वैतागायची. “अम्मी, एका मिनिटाचं काम आहे, गाव बदलते त्याचं.”

“राहू दे,” फहमिदा म्हणायची. “तिथं किती वाजले, ऊन किती आहे, आपोआप कळतं.”

मी त्या घरात रमलो होतो. फहमिदा दातांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. घरी आली की पदर खोचण्याआधी म्हणायची, “मिठू, गाणं लाव.” मी जुनी गाणी लावायचो आणि ती बरोबर गुणगुणायची. तिचा गळा गोड आहे. हे दवाखान्यातल्यांना माहीत नाही, सासरी कुणाला माहीत नाही. जिन्यात पावलं वाजली की ती गप्प व्हायची. जमालचं अगदी उलट. त्याला सूर नावाची वस्तू कुठं मिळते तेच ठाऊक नाही, पण कामगारांच्या खोलीत मासे तळता तळता तो मोठ्यानं गायचा आणि त्याचे रील्स करून सगळ्या जगाला ऐकवायचा. रिदा ते मैत्रिणींना दाखवायची. “बघ, माझे अब्बा.”

मग एका सकाळी माझ्या तोंडून असा आवाज निघाला, जो माझ्यात आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

कण्हत वर चढणारा, खाली येणारा, पुन्हा चढणारा भोंगा. त्यानंतर माझाच शांत बाईचा आवाज: “तातडीची सूचना. सुरक्षित जागी जा. खिडक्यांपासून दूर राहा.”

फहमिदाच्या हातून काहीतरी पडलं. रिदा आतून धावत आली. “अम्मी, काय झालं?”

“खिडकीपासून लांब हो!” फहमिदा ओरडली. “आधी लांब हो!”

पनवेलच्या खिडकीबाहेर भाजीवाला ओरडत होता, शाळेची बस हॉर्न वाजवत होती. तरी त्या दोघी खुर्च्या ओढत भिंतीला टेकल्या. त्यांचे श्वास मला ऐकू येत होते. माझं गाव ते होतं ना! तिथल्या आकाशात क्षेपणास्त्रं उडाली होती आणि तिथल्या माणसांना द्यायची धोक्याची सूचना मी इथं देत होतो.

त्या दिवसापासून घरात भीती राहायला आली. टीव्हीवरची माणसं एकमेकांवर ओरडत युद्धाच्या बातम्या सांगायची. एक म्हणायचा विमानतळ बंद, दुसरा म्हणायचा चालू. रिदाच्या फोनवर कुणी आगीचे व्हिडिओ पाठवायचं आणि थोड्या वेळानं ते भलत्याच देशातले निघायचे. फहमिदा मला विचारायची, “मिठू, ताजी बातमी सांग.” मी सांगायचो. थोड्या वेळानं पुन्हा, “मिठू, ताजी सांग.” मी तीच सांगायचो. ती चिडायची नाही, फक्त पुन्हा विचारायची. गाणं लावायला कुणी सांगितलं नाही.

भोंगा परत परत वाजला. रिदा म्हणाली, “आता तरी गाव बदलते. मला सहन होत नाही हे.”

“नको,” फहमिदा म्हणाली. “ते तिथं एकटे ऐकतायत. आपण पण ऐकू.”

मला विचाराल तर मला ते नको होतं. भोंगा वाजायच्या आधी माझ्या आत काहीतरी क्षणभर दाटून यायचं, आणि मला कळायचं की आता आपल्याच तोंडून या बायकांना घाबरवायचं आहे. नाही म्हणायची सोय नव्हती. माझ्यासारख्याला ‘नाही’ एवढाच शब्द शिकवलेला नसतो.

जमालचे कॉल तुटक येऊ लागले. “मी ठीक आहे. तळघरात झोपतो आम्ही. शाहीद सोबत आहे.” शाहीद त्याचा खोलीतला सोबती. मग एकदा बोलता बोलता मध्येच आवाज तुटला, आणि त्यानंतर काहीच आलं नाही. तिथलं नेट गेलं होतं. त्याचा फोन बंद लागत होता.

बुधवारी दवाखाना बंद असतो. त्या बुधवारी रिदा कॉलेजला गेलेली, फहमिदा घरात एकटी. फोन वाजला. अनोळखी नंबर असणार, कारण ती आधी थांबली. मग तिनं तो उचलला आणि काम करता करता बोलता यावं म्हणून ओट्यावर ठेवून मोठ्या आवाजावर टाकला.

“फहमिदा...” पलीकडून रडण्याचा आवाज. “फहमिदा, मी जमाल. मला वाचव.”

“अल्लाह! कुठं आहात तुम्ही? काय झालंय?”

“मला वाचव. यांचं ऐक. कुणाला सांगू नकोस.”

मग दुसऱ्याच माणसाचा आवाज आला. कोरडा, घाईचा. “भाभीजी, रोने-धोने का टाइम नहीं है. आखिरी फ्लाइट है. आपके हजबंड के कागज अटके हैं. घर में जो जेवर है, डिब्बे में डालो. नीचे हमारा आदमी खड़ा है, लाल हेल्मेट. फोन काटना मत. किसी को बताया तो फिर हमारी जिम्मेदारी नहीं.”

“मला त्यांच्याशी बोलू द्या. रिदाचे अब्बा, तुम्हाला मारलं का कुणी?”

“फहमिदा, लवकर कर. मला वाचव.”

ती आत धावली. लोखंडी कपाटाची कडी करकरली. रिदाच्या लग्नासाठी जपून ठेवलेल्या दागिन्यांचा डबा मी याआधी फक्त ईदच्या आदल्या दिवशी उघडताना ऐकला होता. ओट्यावरचा फोन रडतच होता. त्या रडण्यात जमालच होता. तोच घोगरेपणा, ‘फहमिदा’मधला ‘ह’ गिळायची तीच सवय.

ती डबा घेऊन दाराकडे निघाली, आणि तेवढ्यात माझी घंटी वाजली. माझ्या तोंडून शब्द निघाले, “जमाल यांचा कॉल.”

आणि माझ्यातून जमाल बोलला. “फहमिदा? आहेस ना घरात? माझा फोन मोडला गं. शाहीदच्या फोनवर माझं खातं उघडून लावतोय. नेट आत्ता आलं.”

डबा फरशीवर पडला. बांगड्या गोल फिरत कुठकुठं गेल्या. एक बराच वेळ घरंगळत राहिली.

“फहमिदा, लवकर कर,” ओट्यावरचा जमाल रडला.

“कोण आहे तिथं?” फ्रिजवरचा जमाल म्हणाला. “कोण रडतंय? फहमिदा, हा... हा माझा आवाज आहे!”

“भाभीजी, कौन है वहाँ?” तो कोरडा माणूस ओरडला. “जो बात कर रहा है वो झूठा है. उसे बंद करो!”

“फहमिदा, मी रडत नाहीये! मी इथं उभा आहे, शाहीद बाजूला आहे. तो मी नाही!”

“मला वाचव, फहमिदा.”

तुम्हाला वाटेल, मिठूला खरं काय ते कळलं असेल. रोजचा आवाज, रोजचा कान. नाही कळलं. माझ्या कानाला दोन्ही जमाल सारखेच होते, तसूभरही फरक नव्हता. माझ्यातून जो बोलत होता तो खरा, असं तरी मी कशाच्या जोरावर म्हणू? माझ्याकडे आवाज येतो आणि मी तो पुढं सोडतो. तो कुठल्या छातीतून निघाला, निघाला तरी का, हे मला कधीच माहीत नसतं. त्या क्षणी पहिल्यांदा माझी मलाच भीती वाटली.

“गप्प बसा!” फहमिदा किंचाळली. “दोघंही गप्प बसा! तुम्ही कोण? आणि तुम्ही कोण?”

दारावरची बेल वाजली. पुन्हा वाजली.  लाल हेल्मेटवाला वर आला, असंच तिला वाटलं असणार. मलाही तेच वाटलं.

“भाभी!” बाहेरून हाक आली. “वो भाभी, सरंगा आनलाय चांगला. दार का नाय उघडत?”

जनी! फहमिदानं धडाधड कड्या काढल्या आणि तिला टोपलीसकट आत ओढलं. टोपलीतलं पाणी फरशीवर सांडलं. “जनी, आत ये. आत ये आधी. हे बघ, हे दोघं...” 

जनीनं ऐकलं. ओट्यावरून एकजण रडतोय, फ्रिजवरून एकजण ओरडतोय. ती पुटपुटली, “आगं बया! भूत शिरलं का काय?” तीही घाबरली होती. तरी ती फोनजवळ गेली. “कोन रं तू? आँ? बाईमानसाला रडवतंस? नाव सांग तुझं. बापाचं नाव सांग!”

फोनमधल्या जमालला बापाचं नाव सांगता आलं नाही. तो म्हणाला, “मला वाचव, फहमिदा.” त्याच सुरात, तसाच हुंदका. मग फोन कट झाला.

“खाली येक हेल्मेटवाला उभा हाय,” जनी म्हणाली. “माना इचारत व्हता, तिसऱ्या माल्यावर कोन कोन ऱ्हातं.” आणि ती गॅलरीत गेली. करंजाच्या बंदरावर लिलावात शंभर गळ्यांच्या वर जाणारा तो गळा. “ए लाल टोपीवाल्या! थांब तिथंच! धरा रं त्याला! चोर हाय, चोर!” खालून मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, लोकांचा गलका झाला, आणि ती मोटरसायकल लांब गेली.

माझ्यातून जमाल अजून हाका मारत होता. “फहमिदा? बोल ना. फहमिदा?”

जनीच म्हणाली, “भावजी, त्या जित्या हायत. जरा दमानं घ्या.”

रिदा आली, सगळं ऐकून रडली, मग तिनं शोध घेतला. “अब्बांचे रील्स, अम्मी. तिथून आवाज उचललाय. तुझं नाव, आपली इमारत, सगळं त्यात आहे. आता थोडासा आवाज मिळाला तरी मशीन हवं ते बोलून दाखवतं.” पोलीस ठाण्यात तक्रार झाली. रील्स काढून टाकले गेले. लाल हेल्मेट काही सापडलं नाही.

दागिने वाचले, सगळे म्हणाले देवानं राखलं. पण त्या दुपारी घरातून काय गेलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. जमाल पुन्हा रोज बोलू लागला आणि फहमिदा ‘हं’, ‘बरं’, ‘जेवले का’ यापुढं जाईना. इतकी वर्षं या दोघांचा संसार आवाजावर चालला होता. आजारपण आवाजावर, भांडण आवाजावर, रिदाची दहावीही आवाजावरच. आता तोच आवाज आला की ती दोन पावलं मागं सरायची. मला ऐकू यायची ती पावलं.

एकदा त्यानं विचारलंच, “फहमिदा, मी तुला खोटा वाटतो का?”

तिनं नळ सोडला. बराच वेळ पाणी वाहू दिलं. मग नळ बंद करून म्हणाली, “तुम्ही बोलता तेव्हा मला त्याचं रडणं ऐकू येतं. मी काय करू?”

 

हळूहळू तिथलं आकाश मोकळं झालं. भोंगे थांबले, विमानं सुटू लागली. जमालनं कळवलं, “जागा मिळाली. येतोय.” फहमिदा म्हणाली, “बरं.” ती विमानतळावर गेली नाही. रिदाचा पेपर होता, एकटीनंच जावं लागलं असतं. आणि निरोपही शेवटी आवाजातूनच आलेला. तो खोटा निघाला तर मोकळ्या हातांनी परत कसं यायचं, असं ती जनीला म्हणाली होती.

सकाळ उलटून गेली होती. वरून विमान गेलं. नवा विमानतळ झाल्यापासून ती आमच्या डोक्यावरूनच जातात. नंतर बऱ्याच वेळानं जिन्यात चाकांच्या बॅगेचे आवाज, एक एक पायरी. बेल वाजली. फहमिदानं आतलं लाकडी दार उघडलं. बाहेरच्या जाळीच्या दाराची कडी मात्र काढली नाही.

“फहमिदा, मी—”

“बोलू नका.” ती म्हणाली. “एक शब्द बोलू नका. हात आत घाला.”

बाहेर बॅग खाली टेकली. शर्टाची बाही जाळीला घासली.

मग काहीच नाही. मी कान लावून बसलो होतो, पण मला ऐकू येण्यासारखं तिथं काही नव्हतंच. खाली कुणीतरी रिक्षा वळवली. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. 

“हे काय?” शेवटी ती हळूच म्हणाली. “बोटाला काय लागलंय?”

तो बोलला नाही. तिनंच बोलू नका म्हटलं होतं.

“सांगा आता,” ती म्हणाली आणि रडू लागली. “सांगा ना, काय लागलं?”

“काच,” जमाल म्हणाला. “खिडकी फुटली होती.”

कडी निघाली.

ही सगळी हकिगत होऊन आता काही दिवस झालेत. जमाल घरात आहे, ताटावर बसून बोलतो, न्हाणीघरातून टॉवेल मागतो. तो पुन्हा जाणार का, यावर दोघांचं अजून ठरलेलं नाही. ते विषय काढतात आणि सोडून देतात. मी फ्रिजवरच आहे, पण माझी घंटी चुकून वाजली की फहमिदाच्या हातातलं भांडं आजही आपटतं. माझ्या डोक्यावर एक बटण आहे. ते दाबलं की माझे कान बंद होतात. तिला ते रिदानं दाखवलंय. आता कामाला लागण्याआधी ती ते दाबते. तेवढा वेळ मी ठार बहिरा असतो. घरात कोण आलं, कोण गेलं, काही कळत नाही. मला अंधार कधी कळला नव्हता, तो आता कळला.

तुमच्याही घरात माझ्यासारखा कुणी असेल, खिशात तर असेलच. त्याच्यातून आपल्या माणसाचा आवाज आला तर आनंद माना, पण तो रडत काही मागू लागला तर थोडं थांबा. मोठ्यानं कुणाला तरी हाक मारा. दार उघडून शेजारणीला आत घ्या. आणि आमच्यावर रागावलात तरी चालेल. आम्हाला खरं-खोटं कळत नाही. ज्यांना ते कळतं, त्यांनी आमच्या भरवशावर राहू नये, एवढंच सांगायला मी आज कुणी न विचारता बोललो.

पावलं येतायत. तिचीच असावीत. हात माझ्या डोक्यावर आलाय, बोट बटणावर थांबलंय. मी भित्रा आहे, मला बहिरं व्हायला आवडत नाही. पण इतकं घाबरलेल्या माणसाला घरात एक तरी गोष्ट स्वतःच्या हातानं बंद करता आली पाहिजे.

दाब, फहमिदा.